विंडोज, मॅक, लिनक्स आणि कोपऱ्यातला जुना डबा

आमच्या घरातली सध्याची परिस्थिती अशी की बाबांचा लॅपटॉप विंडोज ११ प्रो, बायकोचं मॅकबुक, माझ्याकडे लिनक्स मिंट ही फुकटातली ऑपरेटिंग सिस्टिम, आणि फोन सगळे अँड्रॉइड. वर एक जुना डेस्कटॉप, म्हणजे कोपऱ्यातला डबा, ज्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून विंडोज ११ त्याला घेत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा तो भंगारात द्यायचं चाललं होतं, पण मी म्हटलं थांबा, त्यात दोन टीबीची डिस्क धडधाकट आहे, ह्याच्यावर मिंट टाकू आणि सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं, पिक्चर एका जागी ठेवू. पेनड्राइव्ह घेऊन ह्या खोलीतून त्या खोलीत फिरायचा कंटाळा आला होता हो. त्यात पेनड्राइव्ह बहुतेक वेळा फॅट३२ ह्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, म्हणजे चार जीबीच्या वरची फाइल त्यावर जातच नाही.

लोकांना वाटतं वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे भाषेचाच प्रश्न. तो प्रश्न कधीच सुटलाय. विंडोजचा फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल, म्हणजे बोलायची ठरलेली भाषा, तो एसएमबी, आणि कॅनबेरात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने १९९२ च्या आसपास वायरवरून काय ये-जा होतंय ते बघून बघून त्याच्याशी बोलणारं सॉफ्टवेअर लिहिलं, तेच पुढे सांबा झालं. ॲपलनेही २०१३ च्या मॅव्हरिक्स ह्या मॅकच्या व्हर्जनपासून स्वतःचा जुना प्रोटोकॉल बाजूला ठेवून एसएमबी२ पुढे केला. म्हणजे बोलायला सगळ्यांना येतं. घोडं अडतं ते एकमेकांना *दिसण्यात*.

बाबा रोज विंडोजमधलं नेटवर्क उघडून म्हणायचे, 'अरे, तुझा डबा आज पण नाहीये इथे.' डबा चालूच असायचा. त्याचं कारण असं की पूर्वी विंडोज नेटवर्कवरची मशिन्स शोधायचं ते एसएमबी१ च्या जमान्यातल्या पद्धतीने, वाड्यात उभं राहून 'कोण कोण आहे रे?' ओरडावं तसं. २०१७ मध्ये एसएमबी१ मधल्या भोकातून पसरणारा, खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस येऊन गेला, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने नव्या इन्स्टॉलेशनमधून एसएमबी१ काढायला सुरुवात केली, बरोबरच केलं, पण त्याबरोबर ती हाक मारायची पद्धतही गेली. आता विंडोज डब्ल्यूएस-डिस्कव्हरी वापरतं, मॅक बॉनजूर वापरतो, आणि नुसता सांबा ह्या दोघांपैकी काहीच बोलत नाही. म्हणून लिनक्सवर विंडोजसाठी डब्ल्यूएसडीडी आणि मॅकसाठी अवाही अशी दोन पॅकेजेस चालू लागतात. ती टाकली की डबा दोन्हीकडे दिसतो. इंटरनेटवर अजूनही कोणीतरी सल्ला देतं की एसएमबी१ परत चालू करा, ते अजिबात करू नका.

अर्थात मी दिसण्याच्या भरवशावर राहतच नाही. राउटरमध्ये जाऊन डीएचसीपी रिझर्वेशन केलं, डब्याला कायमचा १९२.१६८.१.५० पत्ता दिला, आणि बाबांच्या लॅपटॉपवर तो पत्ता वापरून झेड ड्राइव्ह मॅप करून टाकला. त्यांच्या दृष्टीने आता ती एक ड्राइव्ह आहे, विषय संपला. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून तोच पत्ता. फोनवर व्हीएलसी एसएमबी शेअर थेट उघडतं, पिक्चर बघायला तेवढं पुरतं. फोन गेस्ट वायफायवर असेल तर मात्र डबा सापडणार नाही, कारण गेस्ट नेटवर्क साधारणपणे घरातल्या बाकी मशिन्सपासून तोडलेलं असतं आणि ते तसंच असलेलं चांगलं.

पासवर्डचं प्रकरण जरा डोकं खातं. लिनक्सवर युजर बनवला, त्याचा पासवर्ड ठेवला, तरी सांबा आत घेत नाही कारण सांबाची पासवर्डची वही वेगळी असते, तिथे एसएमबीपासडब्ल्यूडी कमांडने त्याच युजरचा पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो. 'घरातल्या घरात कशाला पासवर्ड' म्हणून गेस्ट ॲक्सेस ठेवायचा मोह होतो, पण विंडोज ११ प्रो च्या २४एच२ अपडेटनंतर गेस्टला डीफॉल्टमध्येच मनाई आहे. प्रत्येकाला आपापला युजर दिला की पुढचे नव्वद टक्के वाद मिटतात. एकच गोष्ट, विंडोज एकाच सर्व्हरला एका वेळी दोन वेगळ्या युजरनेमने जोडू देत नाही, म्हणून बाबांच्या लॅपटॉपवरून माझ्या नावाने जायचं असेल तर आधीचं कनेक्शन तोडायला लागतं.

आणि आता आपला खास मराठी लोच्या. बायकोच्या जुन्या मॅकच्या बाहेरच्या डिस्कवरून, जी एचएफएस प्लस ह्या मॅकच्या जुन्या फॉरमॅटची होती, आरसिंक ह्या कॉपी करायच्या कमांडने फोटो डब्यावर आणले, आणि 'दुसऱ्या वाढदिवसाचे फोटो' नावाचे दोन फोल्डर दिसायला लागले, अगदी अक्षर न अक्षर सारखे. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, आपला ऱ दोन प्रकारे लिहिता येतो, एक तयार अक्षर, नाहीतर साधा र आणि खाली नुक्ता म्हणजे टिंब. एचएफएस प्लस नावं सुटी करून ठेवतो, मी मिंटवर टाइप केलेलं नाव तयार अक्षराचं होतं, आणि लिनक्सला दोन्ही वेगळीच वाटतात. क ख ग वाल्या फोल्डरला काही होत नाही, जिथे ऱ्या किंवा ऱ्ह आहे तिथेच भानगड. आरसिंकला आयकॉन्व्ह ऑप्शन देऊन मॅकचं एन्कोडिंग सांगितलं की नावं वाटेतच बदलून येतात. विंडोजला चालत नाहीत ती चिन्हं, म्हणजे कोलन, प्रश्नचिन्ह वगैरे, फाइलच्या नावात टाकायची नाहीत असा घरात नियमच केलाय.

प्रिंटर जरा जुना, यूएसबीवाला. तो डब्याला जोडून कप्स ह्या लिनक्सच्या प्रिंटिंग सिस्टिममधून शेअर केला, मॅकला लगेच सापडला.

राहिलं टाइम मशीन, म्हणजे मॅकचा स्वतःचा बॅकअप. सांबाच्या ४.८ व्हर्जनपासून फ्रूट ह्या मॅकसाठीच्या मॉड्यूलमध्ये त्याची सोय आहे, मॅकला डबा चक्क बॅकअप डिस्क म्हणून दिसतो. फक्त कॉन्फिग फाइलमध्ये त्याला कमाल जागा ठरवून द्या, मी पाचशे जीबी दिलेत, नाहीतर टाइम मशीन जुने बॅकअप तेव्हाच काढतं जेव्हा डिस्क भरते, आणि मग बाबांच्या पिक्चरना जागा उरत नाही.