साल पाटीवर फसतं

जुन्या काळावरच्या सिनेमात आपण आधी गाड्या आणि कपडे तपासतो. ते बहुतेकदा बरे असतात, कारण त्यांच्यावर पैसा आणि माणसं लागलेली असतात. घोळ होतो तो लिहिलेल्या गोष्टींत. दुकानाची पाटी, पाकिटावरचा पत्ता, नंबर प्लेट घाईत टाइप करून छापली जाते आणि साल तिथेच फसतं.

दादरचं दुकान, साल १९६८, पाटीवर ‘मुंबई ४०० ०२८’. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी नुसतं ‘मुंबई-२८’ लिहीत. तेच दोन आकडे पुढे पिनकोडच्या शेपटाला लागले, म्हणून पहिले चार आकडे खोडले की काम झालं.

किमतींचं प्रकरण जास्त गुंत्याचं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे ६४ पैसे होते त्याचे १०० झाले, आणि १९६४ च्या जूनपर्यंत त्यांना ‘नवे पैसे’ म्हणत. म्हणून १९७५ च्या दरफलकावर ‘४ आणे’ चूक. पण त्याच दृश्यात गिऱ्हाईक ‘चार आणे सुटे आहेत का?’ म्हणालं तर बरोबर, कारण पंचवीस पैशांना लोक पुढेही कित्येक वर्षं चार आणेच म्हणत होते. रुपयाचं आडव्या रेघांचं चिन्ह २०१० चं, आधी ‘रु.’ लिहा.

गाड्यांच्या नंबरात ‘एमएच’ आलं १९८९ मध्ये. पण १९९२ च्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या एमएच दाखवल्या तर तीही चूकच. जुन्या गाड्यांवर जुने तीन अक्षरी नंबर तसेच होते. टॅक्सीला पिवळी प्लेट लावू नका, ती फार पुढची. तेव्हा टॅक्सीची प्लेट पांढरी आणि अक्षरं काळी, खाजगी गाडीचं नेमकं उलटं.

अक्षरांचं वळणही चुगली करतं. फॉन्टमधले दोन ‘क’ तंतोतंत सारखे असतात, पेंटरच्या हातचे कधीच नसतात. आणि फ्लेक्स लांबूनही चमकतो. पेंटर मिळाला तर उत्तमच; नाही मिळाला तर प्रिंट काढून पत्र्यावर आउटलाइन गिरवा, आत ऑइल पेंट ब्रशने भरा. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा, तोही कडांना आणि हात लागतो तिथेच. सगळी पाटी सारखी घासली की ती जुनी न दिसता नुसती मळकी दिसते.

कागद जुना दाखवायचा हव्यास तर आवरत नाही. १९६५ च्या सकाळी दारात पडलेला पेपर पिवळा कसा असेल? तो त्या दिवशी ताजाच होता. कागद पिवळा करायला चहाचं पाणी लावायचं ते कथेतच जुन्या असलेल्या कागदाला, म्हणजे आजोबांच्या ट्रंकेतून निघालेल्या खरेदीखताला वगैरे.