काटा कोव्हेंट्रीत, मिस्त्री नाशकात

इंग्लंडमध्ये घरच्या गॅरेजात गाडी बांधून ती रीतसर रस्त्यावर आणता येते, असं नाशिकला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: पासिंग कसं होतं? आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे कंपनीने दिलेल्या गाडीत मोठा बदलसुद्धा करता येत नाही, अख्खी गाडी जुळवणं तर दूरच. ब्रिटनमध्ये किट कारचा, म्हणजे सुटे भाग आणून घरी जुळवायच्या गाडीचा, नाद जुना आहे. पूर्वी सुट्या भागांत विकलेल्या गाडीवर खरेदी कर लागत नसे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली, नाद मात्र टिकला. चासी आणि बॉडी एका कारखान्याची, इंजिन-गिअरबॉक्स भंगारात निघालेल्या गाडीचा. बांधून झाली की सरकारी केंद्रात तपासणी. २००९ पासून तिचं नाव आयव्हीए (इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल), म्हणजे एकेका गाडीची स्वतंत्र मंजुरी.

या तपासणीत स्पीडोमीटरही बघतात. खऱ्या वेगापेक्षा काट्याने कमी दाखवलेलं अजिबात चालत नाही. जास्त दाखवलेलं चालतं, तेही खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी सव्वासहा मैल, एवढंच. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. चुकायचंच असेल तर चालकाचा पाय पेडलवरून उचलायला लावणारी चूक बरी.

आमची गाडी कोव्हेंट्रीजवळच्या एका निवृत्त गृहस्थांनी बांधलेली, फोर्ड सिएराच्या गिअरबॉक्सवर. आम्ही ती त्यांच्याकडून घेतली. मीटर जुना, केबलवर चालणारा. तो हळू वेगात नाचायचा आणि वेग वाढला की स्थिरावून भलतंच जास्त दाखवायचा. थंडीतल्या सकाळी फोनच्या जीपीएसवर ताशी ५० मैल असताना काटा ६२ वर. नियमाची मर्यादा तिथे सव्वाएकसष्ट होते. अर्ध्या तासाने, गाडी तापली की ५७.

मी नाशिकला मामांना फोन लावला. द्वारकेजवळच्या गॅरेजमध्ये त्यांचं आयुष्य जीपगाड्यांत गेलंय. मी काट्याबद्दल सांगायला लागले तर त्यांनी थांबवलं. "काटा राहू दे गं बाजूला. आकडे काय म्हणतात?"

सगळं निदान या प्रश्नात आहे. केबल मीटरमध्ये येऊन एकाच वेळी दोन कामं करते. एक, दात्यांच्या चाकांनी अंतराचे आकडे पुढे सरकवते. दुसरं, एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते, दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो. चुंबक फिरला की वाटीत विजेचे गोल फिरणारे भोवरा-प्रवाह तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. या ओढाताणीत जिथे तोल साधतो तिथे काटा थांबतो. ऑटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये याचं जर्मन पेटंट घेतलं. शंभर वर्षांहून जुनी ही युक्ती मला अजूनही अतिशय सुंदर वाटते.

म्हणजे आकडे आणि काटा दोन्ही बंद असतील तर केबल तुटलेली, नाहीतर गिअरबॉक्सकडचा पिनियन, म्हणजे केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक, गेलेला. आकडे बरोबर पण काटा चुकीचा, तर दोष मीटरच्या आत. आकडे आणि काटा दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील तर मीटर निर्दोष आहे, केबलच चुकीच्या गतीने फिरतेय.

आकडे तपासायला इथल्या मोटरवेची छान सोय आहे. सगळा देश मैलांत चालतो, पण मोटरवेच्या कडेला दर ५०० मीटरवर निळ्या पाट्या आहेत आणि त्यांवर किलोमीटर लिहिलेले असतात. नवरा शेजारी बसून पाट्या वाचत होता. १६.१ किलोमीटर म्हणजे दहा मैल. तेवढ्या अंतरात आमच्या मीटरने ११.१ दाखवले.

आता आकड्यांची चूक अकरा टक्के, आणि काट्याची थंडीत चोवीस, तापल्यावर चौदा. मामा लगेच म्हणाले, "दोन आजार आहेत. आणि काटा नाचतो तो तिसरा. एकेक घे."

नाचणं सगळ्यात सोपं होतं. केबलच्या आतली तार बाहेर काढायची, दोन्ही टोकं हातात धरून मधे झोका सोडायचा आणि एक टोक बोटांनी सावकाश फिरवायचं. चांगली तार सलग फिरते. मुरड पडलेली तार एका जागी अडते आणि टणकन उडी मारते. आमची तशीच उडायची. डॅशबोर्डमागे केबल फार आखूड वळवलेली होती. वळणाची त्रिज्या १५० मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि मीटरजवळ केबल सरळच आत शिरायला हवी. नवी केबल टाकली, मोकळ्या वळणाने नेली, आणि नाच थांबला.

मग केबलची गती. जुन्या ब्रिटिश मीटरच्या डायलवर खाली बारीक आकडा छापलेला असतो: एका मैलात केबलचे किती फेरे व्हावेत. आमच्यावर १०००. म्हणजे ताशी ६० मैलांना केबल मिनिटाला बरोबर १००० फेरे फिरायला हवी. प्रत्यक्षात किती फिरते ते गाडी ढकलून मोजता येतं. मीटरकडचं टोक सोडवून तारेला कागदाचा झेंडा लावला, मागच्या चाकाला खडूची खूण केली आणि चाकाचे सहा फेरे होईपर्यंत गाडी ढकलली. तार सव्वासात फेरे फिरली. चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत ११ इंच. १६८० ला तारेच्या फेऱ्यांनी गुणायचं आणि त्या इंचांनी भागायचं. (१६८० हा आकडा मैलातले ६३,३६० इंच आणि सहा फेऱ्यांचा परीघ यांतूनच येतो.) उत्तर ११०७. मोटरवेवर दिसलेले अकरा टक्के ते हेच.

उरलेली चूक मीटरच्या आत होती, आणि तिचा थंडीशी संबंध हा मोठा पुरावा होता. आधीच्या कोणीतरी केबलला वरपर्यंत भरपूर ग्रीस लावलं होतं. ते फिरत फिरत वर चढून चुंबक आणि वाटीच्या मधे बसलं होतं. थंडीत गोठलेल्या तुपासारखं ते घट्ट व्हायचं आणि वाटीला चुंबकाबरोबर ओढायचं. म्हणून सकाळी काटा जास्त पुढे.

इथे मीटर दुरुस्त करणारे आहेत, पण दिवाळीला नाशिकला जायचंच होतं. मीटर बॅगेत घातला. मामा मला भद्रकालीतल्या एका मिस्त्रींकडे घेऊन गेले. चेतक, पद्मिनी, जीप, सगळ्यांचे मीटर त्यांच्या हाताखालून गेलेत. त्यांनी कड उघडली आणि सगळ्यात आधी काटा शून्याच्या खुंटीवरून अलगद उचलून पलीकडे मोकळा सोडला. तो कुठे विसावतो तिथे पेन्सिलीची खूण केली. स्प्रिंगला किती ताण दिलेला आहे ते त्यावरून कळतं. ही खूण न करता काटा उपसला तर पुन्हा बसवताना आधार उरत नाही. मग वाटी साफ केली, इतक्या हलक्या हाताने की मी श्वास रोखून बघत होते. स्प्रिंगला ग्रीसचा स्पर्शही राहू दिला नाही.

तपासणी अंबडला, मामांच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये. लेथच्या चकमध्ये केबलचा तुकडा धरला आणि टॅकोमीटरने फेरे मोजले. आधी दिशा पाहिली, कारण उलट फिरवला तर काटा खुंटीवरच दाबला जातो. ५०० फेऱ्यांना काटा ३० वर आला, १००० ला साठाच्या किंचित पुढे. मिस्त्रींनी स्प्रिंगची पकड केसभर सरकवली, आणि साठ.

मी विचारलं, आत्ताच स्प्रिंग आणखी कसून ती अकरा टक्के चूकही इथेच मिटवता येणार नाही का? मिस्त्रींना ते पटलं नाही. "ताई, काटा बरोबर दिसेल, पण आकडे खोटेच पळतील. मीटरला खरं बोलू द्या, गती गिअरबॉक्सला सुधारा." स्प्रिंगचा आकड्यांशी काही संबंधच नाही, आणि दोन्ही खरे हवेत तर दात्यांचं गणित दात्यांनीच सोडवायला हवं.

परत आल्यावर गिअरबॉक्सवरचा २० दात्यांचा पिनियन काढून २२ चा बसवला. ११०७ चे १००६ झाले. सील जुनं होतं म्हणून तेही बदललं, नाहीतर गिअरबॉक्सचं तेल केबलमधून वर चढतं. तारेला ग्रीस अगदी पातळ लावलं आणि मीटरकडचा वीतभर भाग कोरडा ठेवला. आता जीपीएसवर ५० असताना काटा पन्नाशीच्या रेघेला जेमतेम ओलांडतो, सकाळी आणि दुपारी सारखाच. उरलेली अर्धा टक्का चूक जास्तीच्या बाजूची आहे, कायद्याला हवी तशी.

नाशिकमध्ये कोणाकडे केबलवाली जुनी जीप असेल तर मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवर आधी आकडे ताडून बघा, मग मीटरला हात लावा. गाडी ढकलून मोजायची तर गणित आपल्याकडे सोपं आहे: ढकललेलं अंतर टेपने मीटरांत मोजा, तारेच्या फेऱ्यांना त्याने भागा आणि १००० ने गुणा. किलोमीटरला किती फेरे पडतात ते मिळेल. काय उत्तर येतं ते मला जरूर कळवा.