इंग्रजी वाक्यातला सब्जेक्ट ओळखताना: माझा अनुभव

परीक्षेसाठी इंग्रजी व्याकरण पुन्हा काढून बसले तेव्हा सब्जेक्ट ओळखायची एकच युक्ती माझ्यापाशी होती. क्रियापदाला ‘कोण?’ विचारायचं. ‘द डॉग बार्क्स’पर्यंत ती पुरते. पण ‘द लेटर वॉज रिटन बाय रवी’ घ्या. पत्र लिहिणारा रवी, तरी सब्जेक्ट ‘द लेटर’च. म्हणून काम कोण करतंय ते सोडून दिलं आणि क्रियापद कुणाचं ऐकतंय ते बघायला लागले.

आपल्याला हे जड जातं ते काही उगीच नाही. ‘मी निबंध लिहिला’, ‘मी कविता लिहिली’. लिहिणारी मीच, पण क्रियापद जातं कर्मामागे! इंग्रजीत ही सोय नाही; ‘इज’ की ‘आर’ ते सब्जेक्टच ठरवतो.

पेपर काढणारे नेमके इथेच गाठतात. ‘द क्वालिटी ऑफ दीज बुक्स इज गुड’ या वाक्यात ‘बुक्स’ क्रियापदाला खेटून बसलंय, त्यामुळे हात ‘आर’कडे जातो. ‘ऑफ’, ‘इन’, ‘विथ’ने सुरू होणारे तुकडे मी पेन्सिलीने कंसात टाकायला लागले. मग उरतं ‘द क्वालिटी इज गुड’.

पण सगळ्यात कामाला आलं ते वाक्याचा प्रश्न करून बघणं. हे शाळेत कुणी का सांगत नाही, देव जाणे. ‘द बॉय हू इज सिंगिंग कॅन डान्स’ याचा प्रश्न होतो ‘कॅन द बॉय हू इज सिंगिंग डान्स?’ ‘कॅन’ ज्याला ओलांडून पुढे आलं, तो अख्खा तुकडा सब्जेक्ट. एकटा ‘बॉय’ नव्हे. ‘कॅन’सारखं सहायक क्रियापद किंवा ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’सारखं रूप नसेल तर ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ आणायचं. ‘व्हॉट ही सेड इज ट्रू’सारखं वाक्य आलं, की ‘इज’च्या आधीच्या तुकड्याच्या जागी ‘इट’ घालून बघते. ‘इट इज ट्रू’ जमतं, म्हणजे ‘व्हॉट ही सेड’ हा सगळाच सब्जेक्ट.

आज्ञार्थी वाक्यांचा त्रास नाही, तिथे ‘यू’ न लिहिता धरलेला असतो.

अडतं ते ‘देअर आर टू बुक्स ऑन द टेबल’पाशी. ‘आर’ आलंय ‘बुक्स’मुळे, पण प्रश्न केला की ‘आर’ उडी मारतं ‘देअर’वरून. खरा सब्जेक्ट कुठला, यावर व्याकरणकारांचंही एकमत नाही. शालेय पुस्तकं ‘टू बुक्स’ म्हणतात, तेव्हा पेपरात मी मुकाट्याने तेच लिहिते.