अभ्यासिकेत आंब्याचा वास, तोही जानेवारीत

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अभ्यासिका सांभाळतो, म्हणजे सकाळी सहाला कुलूप उघडणं, महिन्याची फी मागणं अन् फोनवर बोलणाऱ्या पोट्ट्यांना बाहेर हाकलणं. जानेवारीची थंडी, खिडक्या सगळ्या लावलेल्या, आत तीसेक पोरंपोरी, अन् मधातच पिकल्या आंब्याचा वास! पहिल्या दिवशी वाटलं कोणीतरी अत्तर मारलं असंल. दुसऱ्या दिवशी एक पोरगी येऊन म्हणे, "दादा, मले दमा आहे, तो कोपऱ्यातला पाहा न, पेनड्राईव्ह चोखून राह्यला."

पाहिलं तं खरंच. हायलायटरएवढी ई-सिगारेट, ओढली की टोकाला निळा लाईट, अन् भाऊ वाफ स्वेटरच्या गळ्यात सोडून राह्यला. पोलीस भरतीवाला! १६०० मीटर कसा पळते देव जाणे.

दाराजवळ नेऊन धूम्रपानबंदीचा बोर्ड दाखवला, तक्रार कोणाकडे करायची तिथं माझंच नाव आहे. पोट्टा हुशार निघाला. "सर, २००३ चा कायदा तमाखूच्या धुरावर आहे जी, २०० रुपये दंडवाला. ही तं वाफ आहे." म्हटलं बरं, २०१९ चा ई-सिगारेटबंदीचा कायदा सांग. तोही पाठ! बनवणं, विकणं, आयात, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी, विकणाऱ्याला पहिल्या वेळी १ वर्षापर्यंत कैद नाही तं १ लाखापर्यंत दंड, नाही तं दोन्ही. "पण ओढणाऱ्याचं नाव कुठं आहे?" खरं सांगतो, माझी बोलतीच बंद झाली, कारण नुसतं ओढण्याला त्या कायद्यात शिक्षा लिहिलेलीच नाही.

मग विचारलं, "घेतली कुठून?"

गप्प. बुटाकडं पाहत उभा. ते सांगितलं की देणारा अडकते न.

ओळखीच्या पोलीस जमादाराला फोन लावला, तो म्हणे विकणारा सांगा, आत्ता येतो, ओढणाऱ्याचं मी काय करू? वरून हसून, "जप्त करून ड्रॉवरमधी जमा करत बसू नका जी, साठ्याचं कलम जागावाल्यालेच लागते."

त्याची वस्तू त्यालाच परत देली, म्हटलं कायदा राहू दे बाजूला, आत ओढली तं सीट कॅन्सल. बोर्डाखाली मार्करनं लिहिलं, "वाफ पण चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी खाली कोणीतरी बारीक अक्षरात लिहून ठेवलं, "अन् खर्रा?"

आता माझ्या खिशात तमाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी असते हे साऱ्या गावाला माहीत आहे.