इनडिझाइन काढलं, पण गेलं नाही

विंडोज १० चा संगणक, त्यावर ॲडोबी कंपनीचे दोन प्रोग्रॅम: पुस्तकांची पानं लावायचं इनडिझाइन आणि फोटोशॉप. जागा कमी पडली म्हणून कुणीतरी प्रोग्रॅम फाइल्समधलं इनडिझाइनचं फोल्डर सरळ उचलून रिसायकल बिनमध्ये टाकलेलं, वर बिनही रिकामं केलेलं. मग क्रिएटिव्ह क्लाउडच्या (ॲडोबीचे प्रोग्रॅम टाकणारा-काढणारा प्रोग्रॅम) यादीत इनडिझाइनपुढे 'ओपन' दिसतं, दाबलं की काहीच होत नाही. अनइन्स्टॉल दाबलं तर मध्येच त्रुटी येते. पुन्हा टाकायला जावं तर ते आधीच आहे असं सांगतं. हे सगळं मार्गी लावायला मला एक अख्खी सकाळ लागली. त्यातला नुसता डाउनलोडचा वेळ सोडला तर उरलेलं काम तासाभराचं होतं.

असं का होतं, ते आधी. हे प्रोग्रॅम म्हणजे एक फोल्डर नव्हे. मुख्य फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समध्ये असतं, सामायिक भाग कॉमन फाइल्समध्ये, नोंदी प्रोग्रॅमडेटामध्ये आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात), तर तुमच्या सेटिंग्ज ॲपडेटाच्या रोमिंग आणि लोकल या दोन फोल्डरांत. काय बसवलंय हे इन्स्टॉलर स्वतःच्या नोंदवहीत पाहून ठरवतो, डिस्कवर फोल्डर आहे की नाही हे पाहून नाही. फोल्डर गेलं, नोंद राहिली, की तो ना धड काढू देतो ना टाकू देतो.

खरं तर काढण्यापर्यंत जायची गरज निम्म्या वेळा नसतेच. इनडिझाइन उघडताना अडकतं, पॅनेल गायब होतात, टूल चुकीचं वागतं, अशा तक्रारी बहुधा बिघडलेल्या प्रेफरन्सेसच्या, म्हणजे साठवलेल्या सेटिंग्जच्या असतात. आयकॉनवर डबलक्लिक केल्या केल्या कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून धरायचे. प्रेफरन्स फाइल्स पुसू का असं विचारलं की हो म्हणायचं. फोटोशॉपलाही हीच युक्ती चालते. बटणं दाबायला क्षणभर उशीर झाला तर प्रश्न येत नाही, मग बंद करून पुन्हा. यानं भागलं नाही तरच पुढचा खटाटोप.

काढण्याआधी मी तीन गोष्टी बाजूला काढून ठेवतो. फोटोशॉपच्या ॲक्शन (नोंदवून ठेवलेल्या कृती) आणि ब्रश पॅनेलच्या मेनूतून सेव्ह करून वेगळ्या ड्राइव्हवर. इनडिझाइनच्या वर्कस्पेस (पॅनेलची मांडणी) आणि शॉर्टकट सेट ॲपडेटा, रोमिंग, ॲडोबी, इनडिझाइन या वाटेनं आवृत्तीच्या क्रमांकाच्या फोल्डरात सापडतात. ते अख्खं फोल्डर कॉपी केलेलं बरं. ॲपडेटा दिसत नसेल तर एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत लपवलेल्या वस्तू दाखवायची खूण करावी. तिसरी गोष्ट म्हणजे चालू कामाच्या फाइल्सची आयडीएमएल प्रत. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली इनडिझाइन फाइल जुन्या आवृत्तीत सरळ उघडत नाही, आयडीएमएल उघडते. तुमचा प्रेसवाला दोन आवृत्त्या मागे असेल तर ही प्रत तशीही लागणारच.

आणखी एक, आणि हे काढायचं बटण दाबण्याआधीच बघायचं. क्रिएटिव्ह क्लाउडवर साधारणपणे चालू आवृत्ती आणि तिच्या आधीची एक मोठी आवृत्ती एवढंच मिळतं. यादीतल्या तीन टिंबांच्या मेनूत 'अदर व्हर्जन्स' आहे, तिथे काय काय दिसतं ते पाहून घ्या. तुमची आवृत्ती त्याहून जुनी असेल आणि एखादं प्लगइन तिच्यावरच चालत असेल, तर एकदा काढलेली आवृत्ती तिथून परत मिळणार नाही. संगणकावर २०१२ ची सीएस६ (ॲडोबीची जुनी, एकदाच विकत घ्यायची आवृत्ती) विकत घेतलेली असेल तर ती आधी हेल्प मेनूतून डीॲक्टिव्हेट करायची आणि सिरीयल नंबर कागदावर लिहून ठेवायचा.

आता काढण्याचा क्रम. हा बदलला की फसलंच म्हणून समजा. आधी एकेक प्रोग्रॅम, शेवटी क्रिएटिव्ह क्लाउड. त्याच्यावर विसंबून असलेला एकही प्रोग्रॅम शिल्लक असेल तर क्रिएटिव्ह क्लाउड निघायला नकार देतो, आणि तो नकार बरोबरच आहे, कारण बाकीच्यांना काढणारा तोच. प्रत्येक प्रोग्रॅम काढताना प्रेफरन्सेस ठेवू की काढू असं विचारलं जातं. बिघाडासाठी काढत असाल तर काढा म्हणावं, नाहीतर तोच बिघडलेला संसार नव्या घरात येतो. फक्त आवृत्ती बदलत असाल तर ठेवा.

मोडलेल्या इनडिझाइनचं मात्र या वाटेनं काही होईना. तेव्हा क्रिएटिव्ह क्लाउड क्लीनर टूल. ॲडोबीचंच आहे, त्यांच्या साइटवरून फुकट मिळतं. दुसरीकडून उतरवू नये. वापरण्याआधी टास्क मॅनेजर उघडून क्रिएटिव्ह क्लाउड, कोअर सिंक, सीसीएक्स प्रोसेस, ॲडोबी डेस्कटॉप सर्व्हिस आणि आयपीसी ब्रोकर ही सगळी मंडळी बंद केली. एक बंद केलं की दुसरं त्याला पुन्हा उठवतं, म्हणून झटपट करावं लागतं. मग टूलवर राइट क्लिक आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. विंडोजवर काळी खिडकी उघडते, माउस चालत नाही, सगळं टाइप करून. भाषेसाठी ई, कराराला वाय, मग आकडे घातलेली यादी. इथे घाई करायची नाही. यादीत 'ऑल' असा पर्याय असतो आणि हात आपोआप तिकडे जातो. पण त्यात ॲक्रोबॅट आणि जुनी सीएस६ सुद्धा जाऊ शकते. मी यादीतून फक्त इनडिझाइनची ती आवृत्ती निवडली. खात्री करण्यासाठी पुन्हा वाय. काम संपल्याचा संदेश आला, खिडकी बंद. काय काय पुसलं त्याची नोंद टेम्प फोल्डरातल्या लॉग फाइलमध्ये मिळते.

यानंतर संगणक रीस्टार्ट करायचा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं हे तेच नव्हे. फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर विंडोज १० शटडाउनच्या वेळी स्वतःची अवस्था डिस्कवर साठवून ठेवतं आणि चालू करताना तीच परत आणतं, म्हणजे अडकलेल्या सर्व्हिसही तशाच परत येतात. रीस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून सुरू होतं. 'बंद करून चालू केलं तरी तेच' असं सांगणाऱ्यांना मी आधी हाच प्रश्न विचारतो.

रीस्टार्टनंतर उरलेली रिकामी फोल्डरं हातानं काढली तरी चालतात, पण आता, आधी नाही. आणि प्रोग्रॅम्सच्या यादीत व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल नावाच्या पाच-सहा ओळी दिसतात, इतर प्रोग्रॅम चालायला लागणारे हे सामायिक भाग, त्यांना हात लावू नका. एकसारखी नावं पाहून लोक 'डुप्लिकेट' म्हणून उडवतात. २०१०, २०१२, २०१३ या तिन्ही वेगवेगळ्या आहेत, एक दुसरीची जागा घेत नाही. २०१५ ते २०२२ ची मात्र एकच. शिवाय ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन दोन. उडवल्या तर प्रोग्रॅम उघडताना व्हीसीरनटाइम१४० नावाची डीएलएल सापडत नाही अशी पाटी येते, आणि दोष बिचाऱ्या फोटोशॉपला मिळतो.

पुन्हा टाकताना जे अडतं त्यात त्रुटीच्या आकड्यांकडे नीट पाहायचं. १८२ म्हणजे संगणक किमान अटींत बसत नाही. बहुतेकदा विंडोजची आवृत्ती जुनी असते. २०५ आणि २०६ आले की नेटचं बघायचं. इन्स्टॉलर स्वतः छोटासा असतो, खरा माल तो मागाहून उतरवतो, त्यामुळे मधेच तुटणारं कनेक्शन चालत नाही. ऑफिसच्या नेटवर प्रॉक्सी (मधला सर्व्हर) असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघावा, दोन मिनिटांत कळतं. आकड्यावरून उलगडा झाला नाही तर प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६, कॉमन फाइल्स, ॲडोबी, इन्स्टॉलर्स या वाटेनं जाऊन इन्स्टॉल नावाची लॉग फाइल उघडायची आणि खालून वर 'एरर' किंवा 'फेटल' शोधत यायचं. खालून, कारण शेवटचा प्रयत्न तळाशी असतो.

सेकंडहँड घेतलेल्या संगणकांवर एक वेगळंच दुखणं सापडतं. आधीच्या मालकानं चोरीची आवृत्ती चालवण्यासाठी होस्ट्स फाइलमध्ये (कोणता पत्ता कुठे न्यायचा याची विंडोजमधली यादी) ॲडोबीचे पत्ते १२७.०.०.१ कडे वळवलेले असतात, म्हणजे संगणक स्वतःलाच फोन लावत बसतो. तुम्ही पैसे भरून साइन इन करता आणि ते होतच नाही. विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या वाटेनं ती फाइल. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्यातून फाइल उघडायची, ॲडोबीच्या ओळी पुसायच्या, सेव्ह करताना शेपटीला टीएक्सटी लागू द्यायची नाही. क्लीनर टूलमध्येही होस्ट फाइल दुरुस्त करायचा पर्याय आहे.

साइन इनचं आणखी एक: वैयक्तिक परवान्यावर एका वेळी दोनच संगणकांवर साइन इन राहता येतं. जुना संगणक विकण्याआधी त्यावर साइन आउट करा.

बसवताना 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून बघायचं. जुन्या सेटिंग्ज आणायच्या का, जुन्या आवृत्त्या काढायच्या का, अशा दोन चौकटी तिथे असतात. नवी आवृत्ती टाकताना दुसरीतली खूण काढायला विसरलात तर वर म्हटलेली जुनी आवृत्ती न विचारता जाते.

इथवर आलं की इंग्रजीत काम करणाऱ्याचं काम संपतं. मराठीवाल्याचं नाही. नव्यानं बसवलेल्या इनडिझाइनमध्ये युनिकोड मजकूर ओतला तर 'विद्यार्थी' हा शब्द असा मोडून दिसतो: पहिली वेलांटी 'व' च्या आधी यायची ती नंतर, 'द' खाली पाय मोडलेला, 'थ' वरचा रफार सुटून आधी 'र' आणि त्याचाही पाय मोडलेला. फॉन्ट बिघडला म्हणून लोक पुन्हा फॉन्ट टाकतात. फॉन्ट ठीक असतो. अक्षरं जोडणारा कंपोझर लॅटिनसाठीचा असतो, तो बदलायचा. सगळ्या फाइल्स बंद करून प्रेफरन्सेस, ॲडव्हान्स्ड टाइप, डीफॉल्ट कंपोझर इथे 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडायचा. फाइल बंद असताना केलेला बदल पुढच्या प्रत्येक नव्या फाइलला लागतो. फाइल उघडी असताना केला तर तेवढ्यापुरता. आधीच लावलेल्या पानांसाठी पॅराग्राफ स्टाइलमध्ये जाऊन जस्टिफिकेशनखाली तोच कंपोझर द्यावा लागतो. श्रीलिपीसारख्या जुन्या, रोमन अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेल्या फॉन्टना हे काही लागत नाही.

आणि फॉन्ट दिसतच नसेल तर? १८०९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये फॉन्ट फक्त एका युजरपुरता बसतो. सगळ्यांसाठी बसवायचा तर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडावं लागतं. बिघाड शोधताना नवा युजर बनवून बघितला असेल तर जुन्या युजरचे फॉन्ट तिकडे नसणारच.

शेवटी मी एक ओळ टाइप करतो: तऱ्हा, कुऱ्हाड, विद्यार्थी, क्षत्रिय, शक्ती, ट्रॅक्टर, ऑगस्ट. 'ऱ्ह' मुद्दाम, कारण हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या काही फॉन्टांत तोच कच्चा असतो. ही ओळ पडद्यावर बरोबर दिसली की पीडीएफ काढून दुसऱ्या संगणकावर उघडून बघतो.