पुढे जा बाबा

परवा भर दुपारी पावसातून आले. अंगात रेनकोट, डोक्यावर हेल्मेट, या अवतारात फाटकातून आत शिरले, तर सोसायटीतला कुत्रा अंगावर धावून आला. रोज सकाळी माझ्या हातची पोळी खाणारा हा प्राणी! "अरे मी आहे, मी," म्हटलं, पण आवाज हेल्मेटमध्येच राहिला. काच वर केल्यावर गडी वरमला आणि शेपूट हलवत, तोंड भलतीकडे करून उभा राहिला. आता याला आठवडाभर बिस्कीट नाही, असं मी ठरवलं. अर्ध्या तासानं दिलं.

आर्गोस असता तर भुंकला नसता, असं जिना चढताना मनात आलं.

आर्गोस म्हणजे होमरच्या ग्रीक महाकाव्यातला, 'ओडिसी'तला कुत्रा. 10 वर्षं ट्रॉयचं युद्ध आणि 10 वर्षं समुद्रावरची वणवण संपवून राजा ओडिसियस आपल्या बेटावर, इथाकाला परततो, तेव्हा घरात 108 उपवर ठाण मांडून बसलेले असतात. त्याच्या बायकोला, पेनेलोपीला, मागणी घालायला आलेले आणि तोवर त्याच्याच गोठ्यातलं खाणारे. म्हणून अथीना देवी त्याला म्हातारा भिकारी करून टाकते. सुरकुत्या, चिंध्या, झोळी, काठी, सगळं यथासांग. त्या वेषात तो वाड्याच्या दारापर्यंत येतो, तर तिथं उकिरड्यावर गोचिडांनी भरलेला आर्गोस पडलेला. पिल्लू असताना यानंच वाढवलेला. आवाज ऐकून तो कान पाडतो, शेपूट हलवतो, पण उठून जवळ येण्याएवढं बळ नाही. ओडिसियसला थांबता येत नाही. सोबत डुकरं राखणारा युमेअस आहे, त्याच्या नकळत तो डोळा पुसतो.

वीस वर्षांचा कुत्रा! कुत्री सहसा एवढी जगत नाहीत, हे होमरला कळत नसेल असं नाही. पण तिथं मी हिशोब करत नाही.

आणि आमच्या कुत्र्याचीही बाजू आहे म्हणा. त्याच ओडिसियसवर युमेअसच्या खोपटापाशी चार कुत्री तुटून पडली होतीच. तो शहाणा, काठी टाकून मटकन खाली बसला. डुकरं त्याच्या मालकीची आणि राखणीची कुत्री त्याच्यावरच!

या युमेअसची एक गंमत आहे. 'ओडिसी'त बाकी सगळ्यांबद्दल होमर 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' असं सांगतो. युमेअस बोलला की मात्र बऱ्याचदा त्याच्याकडे वळून 'तू म्हणालास' म्हणतो. का, यावर विद्वानांनी खूप लिहिलंय. मला एवढंच वाटतं, की ज्यानं अनोळखी भिकाऱ्याला दोन डुकराची पिल्लं भाजून वाढली (लठ्ठ डुकरं वाड्यावर जायची) आणि रात्री पांघरायला स्वतःचा जाड झगा दिला, त्याला अहोजाहो कोण करणार?

ओडिसियसच्या दाईचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. पाय धुताना युरिक्लियाचा हात मांडीवरच्या व्रणाला लागतो. आजोळी गेला असताना रानडुकरानं मारलेली ती खूण. पाय हातातून सुटतो, परात कलंडते, पाणी सांडतं. आणि हा काय करतो? जिनं अंगावर पाजलं तिचा गळा धरतो. ब्र काढलास तर जिवंत ठेवणार नाही म्हणतो. तेही मी चालवून घेते, कारण घर शत्रूंनी भरलेलं आहे.

पेनेलोपीनं पुढं सगळ्याचं उट्टं काढलं, हे बरं झालं. पलंग बाहेर काढून अंथरूण घाल, असं ती दाईला सांगते आणि हा चवताळतो, कारण तो पलंग त्यानं स्वतः जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या बुंध्यावर घडवलेला, हलणार कसा? वेषांतरातला पंडित चारचौघांसारखा सापडला.

माझं भांडण आहे ते शेवटच्या सर्गाशी. उपवर मेलेत, बायकोनं ओळखलंय, आता लपायचं कोणापासून? तरी हा मळ्यात म्हाताऱ्या बापाकडे, लेअर्टीसकडे जातो आणि खोटं नाव, खोटं गाव सांगतो. तुमचा मुलगा पाच वर्षांपूर्वी माझ्याकडे उतरला होता, म्हणतो. लेअर्टीसच्या अंगात ठिगळाचा सदरा, डोक्याला बकऱ्याच्या कातड्याची टोपी. तो दोन्ही ओंजळी मातीनं भरतो आणि स्वतःच्या पांढऱ्या डोक्यावर ओततो. तेव्हा कुठं हा धावत जाऊन बिलगतो. मग व्रण दाखवणं, आणि लहानपणी बापानं कोणती झाडं आपल्या नावावर केली होती ते मोजून दाखवणं: 13 नाशपाती, 10 सफरचंद, 40 अंजीर. पण माती पडायची ती पडलीच ना डोक्यावर?

माझा धाकटा काका मुंबईला नोकरीला होता. एका गणपतीला तो पत्रात लिहिल्याच्या दोन दिवस आधीच गावी आला, आणि डोक्यावरून टॉवेल घेऊन, वाकून, आवाज बदलून अंगणात उभा राहिला. आजी सुपातले मूठभर तांदूळ घेऊन बाहेर आली. ते त्याच्या पसरलेल्या टॉवेलात घातले आणि "पुढे जा बाबा" म्हणाली. काकानं टॉवेल झटकला. आम्ही पोरं हसून गडाबडा लोळलो. आजी हसली नाही. अंगणभर पडलेले तांदूळ तिनं एकेक करून वेचले. रात्री पानावर वाढताना काकाशी बोललीच नाही, माझ्या वडिलांना म्हणाली, "तेका इचार, आणखी व्हया काय." फसली म्हणून रागावली, असं आम्ही धरून चाललो. काकाही तेच म्हणायचा.

संध्याकाळी 17वा सर्ग पुन्हा काढून वाचला. युमेअस आत निघून जातो आणि आर्गोस मरतो. लगेच पुढच्या ओळीत ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस युमेअसला खुणावून जेवायला बोलावतो, मांस, पोळ्या, सगळं चालू होतं. आर्गोसला कोणी उचलला, पुरला, काही नाही. उकिरड्याबद्दल मात्र आधीच सांगून ठेवलंय, की ते खत धन्याच्या शेतावर न्यायचं होतं.