टीबीचं मशीन आणि शुल्कमाफीचं पत्र: माझा अनुभव

साधनांची चणचण असलेल्या देशात, छोट्या रुग्णालयात टीबीच्या तपासणीचं जीनएक्स्पर्ट मशीन बसवायचं म्हटलं की सगळे वीज, उकाडा, धूळ आणि तंत्रज्ञ यांबद्दल विचारतात. ती कामं होतात. मला सगळ्यात जास्त छळलं ते शुल्कमाफीच्या, म्हणजे आयातशुल्क माफ करणाऱ्या सरकारी पत्राने. माल विमानतळाच्या गोदामात पडून, इकडे दाराशी खोकणारे रुग्ण, आणि मध्ये एक न झालेली सही. हा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलो.

खरेदीबद्दल थोडक्यात सांगतो. चार मॉड्यूलचं, म्हणजे एकेक नमुना तपासणारे चार कप्पे असलेलं मशीन छोट्या प्रयोगशाळेला पुरतं. प्रत्येक नमुन्याला एक कार्ट्रिज, म्हणजे एकदाच वापरायची रसायनं भरलेली डबी लागते. ‘अल्ट्रा’ प्रकारच्या कार्ट्रिजला जास्तीत जास्त ८० मिनिटांच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे आठ तासांत हिशेबाने जास्तीत जास्त चोवीस नमुने होतात. पात्र देशांच्या सार्वजनिक कार्यक्रमांना कार्ट्रिज सवलतीत मिळतं. २०१२ पासून हा दर ९.९८ डॉलर होता, २०२३ मध्ये टीबीच्या कार्ट्रिजसाठी तो ७.९७ वर आला. वाहतूक, विमा आणि कस्टम्सचा खर्च यात धरलेला नसतो. तो वेगळा मांडा.

आता पत्राबद्दल. सरकारी कार्यक्रमासाठी किंवा देणगी म्हणून आलेल्या निदान साहित्यावर अनेक देश आयातशुल्क माफ करतात, पण ही माफी आपोआप लागत नाही. आरोग्य खात्याची शिफारस, औषध नियंत्रकाचा आयात परवाना, अर्थखात्याचं माफीपत्र आणि शेवटी कस्टम्स, अशी साखळी असते. मोठी गाठ तिसऱ्या कडीत आहे. अर्थखातं एअरवे बिलाचा, म्हणजे विमानाने येणाऱ्या मालाच्या पावतीचा नंबर मागतं. तो माल विमानात चढवायच्या वेळी हातात येतो. माल चढला की काही दिवसांत उतरतो, आणि पत्राला मात्र आठवडे लागतात. गोदामातले मोफत दिवस संपले की रोजचं भाडं सुरू होतं, आणि ते कुठल्याच देणगीच्या अंदाजपत्रकात धरलेलं नसतं.

यावर एकच उपाय चालतो. ऑर्डरमध्येच लिहायचं की आमची लेखी परवानगी आल्याशिवाय माल हलवायचा नाही. पुरवठादाराकडून इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि एअरवे बिल यांचे मसुदे आधी मागवायचे, आणि मसुद्यावर अर्ज चालतो का हे अर्थखात्याला लेखी विचारायचं. तोंडी ‘चालेल’वर विसंबू नका. टेबलावरचा माणूस बदलला की ते ‘चालेल’ही जातं.

मसुदे हातात आले की अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आमची फाइल परत आली ती अशाच बारीक गोष्टींवर, आणि दर वेळी नवी त्रुटी काढून. सगळ्या त्रुटी एकदम सांगायला काय हरकत होती, हे मला आजही कळलेलं नाही. म्हणून कशावर बोट ठेवतात ते एका जागी देतो. माल घेणाऱ्याचं नाव सगळ्या कागदांवर एकच हवं. एकावर आरोग्य मंत्रालय, दुसऱ्यावर क्षयरोग कार्यक्रम, तिसऱ्यावर रुग्णालय असं झालं की ते तीन वेगळे आयातदार ठरतात. देणगीच्या मालावर किंमत शून्य टाकू नका. खरी किंमत लिहा आणि खाली ‘फक्त कस्टम्सच्या मूल्यांकनासाठी, विक्रीसाठी नाही’ असं नमूद करा. शून्य दिसलं की मूल्यांकन अधिकारी स्वतःच्या अंदाजाने आकडा धरतो.

सगळ्यात वाईट गुंता एचएस कोडचा, म्हणजे कस्टम्ससाठी मालाचं वर्गीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा. हे कोड २०२२ मध्ये बदलले. पूर्वी अशी तपासणी यंत्रं ९०२७.८० खाली दाखवायचे. तो कोड फुटला, त्यातून मास स्पेक्ट्रोमीटर ९०२७.८१ मध्ये गेले आणि उरलेली यंत्रं ९०२७.८९ मध्ये. निदानाची रिएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं, ३८२२.०० खाली होती, त्या शीर्षकाचेही तुकडे झाले. मलेरियाच्या किट ३००२ मधून उचलून ३८२२.११ ला आणल्या, आणि बाकीची बरीच निदान साहित्यं ३८२२.१९ मध्ये येतात. माफीची यादी जुन्या कोडवर छापलेली आणि कस्टम्सची संगणक प्रणाली नव्या कोडवर चालणारी असेल, तर पत्र खरं असूनही प्रणाली माफी लावत नाही. मग कोड दुरुस्तीचं वेगळं पत्र लागतं आणि साखळी पुन्हा पहिल्या कडीपासून. अर्ज टाइप करण्याआधी क्लिअरिंग एजंटकडून (कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याकडून) चालू कोड लेखी घ्या. अर्जात जुना आणि नवा असे दोन्ही कोड द्या, मालाचं वर्णन शब्दांतही लिहा.

सॅम्पल रिएजंटची, म्हणजे नमुन्यात मिसळायच्या द्रवाची, सेफ्टी डेटा शीट (रसायनाच्या सुरक्षिततेची माहिती देणारा कागद) सोबत जोडा. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड आणि आयसोप्रोपेनॉल असतं, त्यामुळे रसायन म्हणून ते अडवून धरतात. ‘हे आवश्यक आहे का?’ असा शेरा आला तर जागतिक आरोग्य संघटनेची आवश्यक निदान चाचण्यांची यादी जोडा. ती पहिल्यांदा २०१८ मध्ये निघाली आणि टीबीची मॉलिक्युलर (जंतूचा डीएनए शोधणारी) चाचणी तेव्हापासून तिच्यात आहे. संघटनेने या चाचणीला मान्यता दिली ती डिसेंबर २०१० मध्येच. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२१ च्या आयोगाने म्हटलं की जगातल्या ४७ टक्के लोकांना निदानाची सोय जवळजवळ नाही. माझ्या मते त्यातला काही हिस्सा अशा टेबलांवर अडलेला आहे, आणि तो मोकळा करायला नवा शोध लागत नाही.

फाइलच्या पाठपुराव्यासाठी आवक क्रमांक आणि तारीख घेऊनच बाहेर पडा. दर आठवड्याला त्याच क्रमांकाचा हवाला देऊन लेखी विचारणा करा, प्रत आरोग्य खात्याला द्या. आरडाओरडा करून काही होत नाही. आवक क्रमांकाने होतं.

मशीन आणि कार्ट्रिज एकाच खेपेत मागवू नका. हे खरं तर वर सांगायला हवं होतं. मशीन गोदामात महिनाभर राहिलं तरी त्याचं फारसं बिघडत नाही. कार्ट्रिज २ ते २८ अंशांत ठेवायचं असतं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तापमान सहज त्यापुढे जातं. आधी मशीन सोडवा, बसवा, मग कार्ट्रिज बोलवा. प्रत्येक खोक्यात तापमान नोंदवणारा डेटा लॉगर मागा, आणि माल ताब्यात घेताना सही करण्याआधी तो वाचा. कार्ट्रिजची वापराची मुदत किती टक्के शिल्लक हवी असं न लिहिता किती महिने हवी ते करारात लिहा. लागून सुट्ट्या येणार असतील तर त्याच्या आदल्या दिवशी माल उतरू देऊ नका.

पत्र एकदाचं आलं तेव्हा खरोखर हायसं वाटलं. पुढचं काम भराभर झालं. खोली १५ ते ३० अंशांत राहिली पाहिजे, मागच्या पंख्याला मोकळी हवा हवी, आणि पंख्याचा फिल्टर महिन्यातून एकदा तरी साफ करायचा. चालू तपासणीत वीज गेली तर चारही कार्ट्रिज वाया जाऊ शकतात, म्हणून यूपीएस किमान दोन तास पुरेल असा घ्या. अर्थिंग मीटर लावून तपासा. मॉड्यूलचं कॅलिब्रेशन वर्षातून एकदा लागतं आणि त्याचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, नाहीतर दुसऱ्या वर्षी चांगलं मशीन झाकून ठेवायची वेळ येते.

नमुना किमान १ मिली हवा. नुसती लाळ चालत नाही, खोकून काढलेला बेडका हवा आणि त्यात अन्नाचे कण नकोत. रिएजंट नमुन्याच्या दुप्पट. जोरात हलवून १० मिनिटं ठेवायचं, पुन्हा हलवायचं, आणखी ५ मिनिटं. मग पिपेटने २ मिली कार्ट्रिजमध्ये, बुडबुडे न होऊ देता. या १५ मिनिटांत घाई केली तर घट्ट राहिलेला नमुना आत अडतो आणि दाबाचा २००८ हा एरर येतो. ५००७ हा प्रोब-चेकचा, म्हणजे चाचणी सुरू होण्याआधी मशीन कार्ट्रिजमधली रसायनं तपासतं त्या टप्प्याचा एरर आहे. तो वारंवार दिसला तर नमुना कसा भरला आणि कार्ट्रिज कुठे ठेवलं होतं, हे दोन्ही तपासा.

प्रत्येक एररसमोर मॉड्यूल क्रमांक, लॉट क्रमांक (कार्ट्रिज कुठल्या उत्पादन-तुकडीतलं ते) आणि तंत्रज्ञाचं नाव लिहा. एकाच मॉड्यूलवर एरर येत असतील तर कंपनीला कळवा. सगळ्या मॉड्यूलवर पण एकाच लॉटचे असतील तर डेटा लॉगरची नोंद काढा, कारण तो माल बहुधा गोदामातच तापलेला असतो. आणि एकाच माणसाच्या हातून होत असतील तर त्याला नमुना तयार करणं पुन्हा दाखवा. निकाल न लागलेल्या चाचण्या, म्हणजे एरर, इनव्हॅलिड आणि नो रिझल्ट मिळून, एकूण चाचण्यांच्या ५ टक्क्यांच्या आत राहिल्या पाहिजेत.